शंभर वर्षांतला पूर आणि तीस वर्षांचे घर : संभाव्यतेची शाब्दिक उदाहरणे कशी सोडवावीत

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नई शहर आणि त्याच्या उपनगरांवर विक्रमी पाऊस कोसळला. २ डिसेंबरच्या सकाळी संपलेल्या २४ तासांत तांबरम येथे ४९० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अड्यार नदीचे पाणी काठावरच्या वस्त्यांत शिरले. विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. त्या वर्षीच्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमधील पावसात तामिळनाडूत चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. या आपत्तीचे वर्णन ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस’ अशा शब्दांत वारंवार करण्यात आले.

हे शब्द ऐकणाऱ्याला धीर देतात. शंभर वर्षांतून एकदा येणारे संकट येऊन गेले, आता पुढील पिढ्यांना चिंता नाही, असा त्यांचा अर्थ लावला जातो. गणिताच्या दृष्टीने तो अर्थ चुकीचा आहे. नदीकाठी घर घेणाऱ्या कुटुंबाला ही चूक महाग पडू शकते. शाळेत संभाव्यतेची शाब्दिक उदाहरणे सोडवताना विद्यार्थी ज्या ठिकाणी अडखळतात, नेमक्या त्याच ठिकाणी येथे मोठी माणसेही अडखळतात. आकडेमोड बहुतेकांना जमते. अडचण येते ती शब्दांचे गणितात रूपांतर करताना.

उदाहरण वाचण्याची रीत

एखादी घटना घडण्याची शक्यता ० ते १ या दरम्यानच्या संख्येने दाखवणे म्हणजे संभाव्यता होय. घटना अशक्य असेल तर संभाव्यता ०, निश्चित असेल तर १. सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील, तर अनुकूल निष्पत्तींच्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागले असता संभाव्यता मिळते. फासा टाकला असता सहा पडण्याची संभाव्यता १/६ येते ती यामुळेच.

शाब्दिक उदाहरण हाती आले की पुढील पाच गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. नेमके काय विचारले आहे? त्या घटनेचे वर्णन स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावे.

२. कशापैकी किती? अपूर्णांकाचा छेद कोणता, हे ठरवल्याशिवाय अंशाला हात लावू नये.

३. जोडशब्द कोणते आहेत? परस्परांवर अवलंबून नसलेल्या घटनांसाठी ‘आणि’ हा शब्द बहुधा गुणाकार सुचवतो. एकाच वेळी घडू न शकणाऱ्या घटनांसाठी ‘किंवा’ हा शब्द बेरीज सुचवतो. ‘किमान एक’ या शब्दांसाठी पूरक घटनेची वाट सोपी पडते.

४. काय गृहीत धरले आहे? घटना स्वतंत्र आहेत का, फासा निर्दोष आहे का, नमुना यादृच्छिक पद्धतीने निवडला आहे का, हे तपासावे.

५. उत्तर शब्दांत परत मांडता येते का? उत्तर १ पेक्षा मोठे किंवा ऋण आले, तर वाट कोठेतरी चुकली आहे असे समजावे.

‘किमान एक’ म्हणजे काय?

एक फासा चार वेळा टाकला. किमान एकदा सहा पडण्याची संभाव्यता किती? प्रत्येक वेळी संभाव्यता १/६ आहे, म्हणून चार वेळा मिळून ४/६, असे उत्तर अनेक जण देतात. ही रीत बरोबर असती, तर सहा वेळा फासा टाकल्यावर सहा पडणे निश्चित ठरले असते आणि सात वेळा टाकल्यावर संभाव्यता ७/६ झाली असती. सापशिडी खेळलेल्या कोणालाही हे मान्य होणार नाही.

अशा वेळी उलट बाजूने विचार करावा. ‘किमान एकदा सहा’ याच्या उलट ‘एकदाही सहा नाही’. एका खेपेस सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ आहे. चारही खेपांत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६ × ५/६ × ५/६ × ५/६ म्हणजे ६२५/१२९६ येते. ही संख्या १ मधून वजा केली की ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५२, हे उत्तर मिळते.

चेन्नईच्या पुराचे उदाहरण याच साच्यातले आहे. जलविज्ञानात ‘शंभर वर्षांचा पूर’ याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर येण्याची संभाव्यता १/१०० आहे, असा असतो. एक पूर झाल्यावर शंभर वर्षे मोजून दुसरा येतो, असे यात कोठेही म्हटलेले नाही. आता एखाद्या कुटुंबाने अशा पूररेषेच्या आत घर घेतले आणि कर्जाची मुदत तीस वर्षे आहे, असे समजू. या काळात किमान एकदा असा पूर येण्याची संभाव्यता किती?

एका वर्षी पूर न येण्याची संभाव्यता ०.९९ आहे. तीसही वर्षे पूर न येण्याची संभाव्यता काढण्यासाठी ०.९९ ही संख्या तीस वेळा घेऊन गुणाकार करावा. तो सुमारे ०.७४ येतो. म्हणून किमान एकदा पूर येण्याची संभाव्यता १ − ०.७४ = ०.२६. कर्ज फिटेपर्यंत पुराचे पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे चारास एक आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकून कोणाच्याही मनात चारास एक हे प्रमाण येत नाही.

हाच हिशेब पुढे नेला तर पन्नास वर्षांसाठी ०.३९ आणि शंभर वर्षांसाठी ०.६३ अशी उत्तरे येतात. म्हणजे पूर्ण शंभर वर्षांतही असा पूर एकदा तरी येईलच, याची खात्री नाही. उलट, तीस वर्षांत दोन किंवा अधिक वेळा असा पूर येण्याची संभाव्यताही शून्य नाही. ती सुमारे ०.०४ आहे.

वर्षांऐवजी ठिकाणे मोजली तरी हिशेब तोच राहतो. परस्परांपासून दूर असलेली आणि पावसाच्या बाबतीत एकमेकांवर अवलंबून नसलेली पन्नास शहरे घेतली, तर त्यांपैकी किमान एका शहरात या वर्षी ‘शंभर वर्षांतला’ पाऊस पडण्याची संभाव्यता १ मधून ०.९९ चा पन्नास वेळा केलेला गुणाकार वजा करून मिळते. ती सुमारे ०.३९ आहे. दर दोन-तीन वर्षांनी देशात कोठे तरी शतकातील विक्रमी पाऊस झाल्याची बातमी येते, त्यात आकड्यांच्या दृष्टीने विसंगत असे काही नाही.

गृहीतकांची तपासणी

वरील उत्तर दोन गृहीतकांवर उभे आहे. पहिले, प्रत्येक वर्ष मागील वर्षापासून स्वतंत्र आहे. दुसरे, १/१०० ही संभाव्यता वर्षानुवर्षे तीच राहते. दुसरे गृहीतक चेन्नईसाठी विशेष शंकास्पद आहे. तलाव बुजवून वस्ती वाढली, पल्लिकरणै येथील पाणथळ क्षेत्राचा मोठा भाग बांधकामाखाली गेला, पाणी जमिनीत मुरण्याची जागा कमी झाली. तेवढ्याच पावसात आता अधिक पाणी साचते. तापमानवाढीमुळे हवेत अधिक बाष्प राहते आणि अतिवृष्टीचे प्रमाण वाढते. चेन्नईत २००५, २०१५, २०२१ आणि २०२३ या वर्षांत मोठ्या प्रमाणावर पाणी साचले. या सर्व घटना सारख्या तीव्रतेच्या नव्हत्या. तरीही जुन्या नोंदींवरून काढलेली संभाव्यता पुढील काळाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे त्यांवरून लक्षात येते.

शिवाय १/१०० हा आकडाही अंदाजच असतो. मद्रासची वेधशाळा १७९२ मध्ये स्थापन झाली. निरीक्षणाची एवढी जुनी परंपरा असलेल्या शहरातही अतितीव्र पावसाच्या घटना थोड्याच असणार. थोड्या नोंदींवरून दुर्मीळ घटनांविषयी अनुमान काढणे हा संख्याशास्त्रातील कठीण विषय आहे.

दुर्मीळ घटनांच्या गणिताला भक्कम पाया देणारे गणितज्ञ मूळचे याच शहरातील आहेत. श्रीनिवास वरदन यांचा जन्म १९४० मध्ये मद्रासमध्ये झाला. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत गेले आणि १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळवून न्यूयॉर्कच्या कूरांट संस्थेत दाखल झाले. सरासरीपासून फार दूर जाणाऱ्या घटनांची संभाव्यता किती वेगाने कमी होते, याचा एकसंध सिद्धान्त त्यांनी मांडला. त्यासाठी त्यांना २००७ मध्ये आबेल पारितोषिक देण्यात आले.

सरासरी पुरेशी का नाही?

संख्याशास्त्राच्या प्राथमिक उदाहरणांत सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन विचारले जाते. सरासरी सर्वांना येते. तिच्यातून काय निसटते, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

चेन्नईत वर्षाला सरासरी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात येतो. समजा, दोन काल्पनिक शहरांतील पाच वर्षांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा आहे. पहिले शहर : १४००, १३००, १५००, १३५०, १४५०. दुसरे शहर : ८००, २१००, ९००, २२००, १०००. दोन्हींची बेरीज ७००० आणि सरासरी १४००. सरासरीवरून दोन्ही शहरे एकसारखीच वाटतात.

आता मध्यक काढू. संख्या चढत्या क्रमाने लावल्या असता मधली संख्या पहिल्या शहरासाठी १४०० आणि दुसऱ्यासाठी १००० येते. प्रमाण विचलन काढण्यासाठी प्रत्येक संख्येचे सरासरीपासूनचे अंतर घ्यावे, त्याचा वर्ग करावा, वर्गांची सरासरी घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. पहिल्या शहरासाठी वर्गांची बेरीज २५,०००, सरासरी ५००० आणि वर्गमूळ सुमारे ७१. दुसऱ्या शहरासाठी बेरीज १९,००,०००, सरासरी ३,८०,००० आणि वर्गमूळ सुमारे ६१६. दुसऱ्या शहराला पाच वर्षांत तीनदा टंचाई आणि दोनदा अतिवृष्टी सोसावी लागली. सरासरीत ही गोष्ट दिसत नाही.

चेन्नईचा अनुभव दुसऱ्या शहराच्या जवळ जाणारा आहे. २०१५ मध्ये पुरात सापडलेल्या याच शहराचे पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम हे चार प्रमुख जलाशय २०१९ च्या जूनमध्ये जवळपास कोरडे पडले. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून पन्नास वाघिणींची रेल्वेगाडी २५ लाख लिटर पाणी घेऊन शहरात आली. महाराष्ट्रातील वाचकांना एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वेगाडी आठवेल. पाणीपुरवठ्याची आखणी करताना केवळ सरासरी पावसाचा आधार घेतला, तर काय होते, त्याची ही उदाहरणे आहेत.

ठिकाणांची सरासरीही अशीच फसवी असू शकते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाबा येथे केवळ ७३ मिलिमीटर. दोहोंची सरासरी सुमारे ५०९ येते. या दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष पडलेल्या पावसाशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

फरक खरा की योगायोगाचा?

दोन गटांच्या आकड्यांत फरक दिसला की तो खरा की योगायोगाचा, हा संख्याशास्त्राचा नेहमीचा प्रश्न असतो. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर मद्रासमध्येच मिळाले. १९५६ मध्ये तेथे क्षयरोगावरील औषधोपचारांचे केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा त्यात सहभाग होता. आज ही संस्था राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने चेन्नईत कार्यरत आहे.

त्या काळी क्षयरुग्णाला आरोग्यधामात ठेवणे आवश्यक मानले जात असे. देशात रुग्ण लाखो होते आणि खाटा अत्यंत थोड्या. गरीब रुग्णाला दाटीवाटीच्या घरीच औषध देऊन बरे करता येईल का, असा प्रश्न होता. शहरातील रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटावर घरी आणि दुसऱ्या गटावर आरोग्यधामात एक वर्ष तीच औषधे देऊन उपचार झाले. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर घरी उपचार घेतलेल्यांपैकी ८६ टक्के आणि आरोग्यधामातील ९२ टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला होता. मुख्य तुलनेत प्रत्येक गटात सुमारे ८० रुग्ण होते.

हे आता उदाहरण म्हणून सोडवू. फरक ६ टक्क्यांचा आहे. एवढ्या लहान गटांत निव्वळ योगायोगाने किती फरक पडू शकतो, हे प्रमाण त्रुटीवरून समजते. प्रत्येक गटासाठी ‘यशाचे प्रमाण × अपयशाचे प्रमाण ÷ रुग्णसंख्या’ काढावे. पहिल्या गटासाठी ०.८६ × ०.१४ ÷ ८० = ०.००१५. दुसऱ्यासाठी ०.९२ × ०.०८ ÷ ८० = ०.०००९. दोहोंची बेरीज ०.००२४ आणि तिचे वर्गमूळ सुमारे ०.०५, म्हणजे ५ टक्के. फरक प्रमाण त्रुटीच्या दुपटीहून अधिक असेल, तरच तो योगायोगापलीकडचा मानावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. येथे दुप्पट म्हणजे १० टक्के आणि फरक ६ टक्के. आरोग्यधाम निश्चितपणे सरस आहे, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

दोन्ही उपचार तंतोतंत सारखे आहेत, असेही यातून सिद्ध होत नाही. ‘फरक सिद्ध झाला नाही’ आणि ‘फरक नाही हे सिद्ध झाले’ ही दोन वेगळी विधाने आहेत. त्यामुळेच रुग्णांच्या कुटुंबीयांवर पुढील काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या नातेवाइकांना अधिक धोका असल्याचे आढळले नाही. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात घरीच उपचार देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली आणि जगातील अनेक देशांनी तिचे अनुकरण केले.

छेद बदलला की उत्तर बदलते

‘कशापैकी किती’ हा प्रश्न सर्वांत निर्णायक ठरतो तो सशर्त संभाव्यतेच्या उदाहरणांत. समजा, एका वस्तीत १०,००० लोकांची क्षयरोगासाठी तपासणी झाली. त्यांपैकी ५० जणांना खरोखर रोग आहे. चाचणी १०० रोग्यांपैकी ९० जणांना ओळखते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी चौघांना चुकून रोगी ठरवते. चाचणीत रोग दिसला, तर त्या व्यक्तीला खरोखर रोग असण्याची संभाव्यता किती?

चाचणी ९० टक्के रोगी ओळखते, म्हणून उत्तर ९० टक्के, असे घाईने सांगितले जाते. येथे अपूर्णांकाऐवजी माणसे मोजावीत. ५० रोग्यांपैकी ४५ जणांत चाचणी रोग दाखवेल. उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकी ४ टक्के, म्हणजे ३९८ जणांतही ती रोग दाखवेल. चाचणीने रोगी ठरवलेले एकूण ४४३. त्यांपैकी खरे रोगी ४५. उत्तर ४५/४४३, म्हणजे सुमारे १० टक्के. ‘रोग्यांपैकी किती जणांत चाचणीला रोग दिसला’ याचा छेद ५० आहे आणि ‘रोग दिसलेल्यांपैकी किती जण रोगी’ याचा छेद ४४३. अंश दोन्हीकडे ४५ असूनही उत्तरांत नऊपट अंतर पडते. अशा व्यक्तीने घाबरून न जाता दुसरी, अधिक खात्रीची चाचणी करून घ्यावी, असा या उत्तराचा व्यवहारातील अर्थ आहे. चाचणी निरुपयोगी आहे, असा अर्थ मात्र काढू नये. तपासणीपूर्वी दोनशेत एक असलेली शक्यता तिच्यामुळे दहात एक झाली आहे.

उत्तर पुन्हा शब्दांत

परीक्षेत ०.२६ असे लिहून दोन रेघा मारल्या की उदाहरण संपते. व्यवहारात ते उत्तर कोणाला तरी समजेल अशा शब्दांत सांगावे लागते. ‘हा शंभर वर्षांतला पूर आहे’ या वाक्यात छेद दडलेला आहे, कालावधी सांगितलेला नाही आणि गृहीतके अदृश्य आहेत. ‘या घरात पाणी शिरण्याची शक्यता दरवर्षी शंभरात एक आहे, कर्जाच्या तीस वर्षांत ती सुमारे चारास एक होते आणि परिसरातील तलाव असेच बुजत राहिले तर याहूनही वाढेल’, हे वाक्य लांब आहे. घराची जोती किती उंच घ्यावी, विमा उतरवावा का, की जागाच बदलावी, हे ठरवणाऱ्या कुटुंबाच्या उपयोगी पडणारे वाक्य मात्र हेच आहे.